चमत्कार झाल्यावर सोबत कोण थांबतं?

आपल्याकडे चमत्काराचा विषय निघाला की दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सगळं थोतांड आहे, बुवांना आत टाका, दुसरी म्हणते तुमच्या विज्ञानाला सगळं कळलं का, श्रद्धेत नाक खुपसू नका. नागपुरात तर हे भांडण घरचंच आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ च्या डिसेंबरमध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात पास झाला, त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे सरकारला जाग आली होती आणि आधी अध्यादेश निघाला होता. पुढे २०२३ च्या जानेवारीत रेशीमबागेच्या मैदानावर बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींची कथा आणि दरबार झाला, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या श्याम मानवांनी चमत्कार सिद्ध करून दाखवा म्हणून तीस लाखांचं आव्हान दिलं, तिकडून रायपूरला या म्हणून उत्तर आलं, पोलिसांनी व्हिडिओ पाहून गुन्हा होत नाही म्हटलं, आणि महिनाभर टीव्हीवर तेच ते चालू होतं. त्या सगळ्या गोंधळात एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. त्या मैदानात आपलं दुखणं घेऊन जी बाई आली होती ती दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे होती, काय करत होती, आणि तिच्याशी कोण बोलत होतं?

मला याच प्रश्नावर लिहायचं आहे, पण जरा लांबून येतो.

हल्ली आपली तरुण पोरं मॅजिक रिअलिझमवाल्या, म्हणजे रोजच्या जगण्यात सहज चमत्कार घडतात अशा, कादंबऱ्या खूप वाचून राहिली आहेत. त्यात एक ठरलेला प्रकार असतो, एखादं घराणं असतं, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या हातात काहीतरी शक्ती असते, दूरदूरहून त्रासलेली माणसं त्यांच्या दारात येतात आणि त्यांना चमत्कार मिळतो, पण तो भलताच मिळतो, म्हणजे मागितलं एक आणि झालं दुसरंच. आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या काही मित्रांना हे अजिबात पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की इतकी वर्षं आम्ही गावोगाव फिरून लोकांच्या डोक्यातून बुवाबाजी काढून राहिलो आणि तुम्ही इंग्रजी शाळेतल्या पोरांना चमत्कार करणारी घराणी गोड करून वाचायला देता. त्यांची तळमळ मला समजते. पण मला वाटतं ते चुकीच्या दाराशी जाऊन भांडून राहिले आहेत.

कारण अशा गोष्टीतला चमत्कार आणि दरबारातला चमत्कार यांचं काम उलटं असतं. एक उदाहरण रचून सांगतो. समजा उमरेडच्या पुढे असं एक घराणं आहे. भिवापूरकडचा एक माणूस तिथं येतो. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, याचं आणि मोठ्या भावाचं वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे, चार तासं, म्हणजे नांगराच्या चार रेघा, इकडची का तिकडची एवढाच वाद, पण कोर्टात तारखा, लग्नात एकमेकांना पत्रिका नाही, आई गेली तेव्हा दोघं मसणात दोन बाजूला उभे. हा येतो आणि म्हणतो, आजी, रात्री झोप लागत नाही, छातीवर काहीतरी बसल्यासारखं वाटतं, काढून द्या. आजी डोक्यावर हात ठेवते आणि जा म्हणते. माणूस घरी येतो, जेवायला बसतो, तर त्याच्या आणि बायकोच्या मधोमध सारवलेली जमीन फुगून वीतभर धुरा वर येतो, खरा धुरा, त्याच्यावर काडीकचरा, एक बोरीचं झुडूप, तुरीचं एक वाळकं झाड. उठून बाजेवर जातो तर बाजेच्या मधून धुरा. एसटीत बसला तर शेजारच्या माणसाच्या मध्ये धुरा, कंडक्टर माती कोणाची म्हणून ओरडतो. नातवाला मांडीवर घ्यायला जातो तर पोरगं धुऱ्याच्या पलीकडे. छातीवर जे बसलं होतं ते आता सगळ्या गावाला दिसून राहिलं आहे, आणि ते काढायचा उपाय आजीने सांगितलेला नाही कारण तो आजीच्या हातात नाहीच, तो याच्याच पायात आहे, भावाच्या वाड्यापर्यंत चालत जाण्यात आहे.

आता ही गोष्ट वाचून कोणत्या पोराला वाटेल की चला आपण एखाद्या बाबाकडे जाऊन नारळ फोडू आणि प्रॉब्लेम सॉल्व्ह करू? उलट त्याच्या मनात हेच येईल की माझा धुरा कोणता. दरबारात मात्र काय होतं, तुमचं नाव घेतलं जातं, तुमच्या मनातलं कागदावर लिहून दाखवलं जातं, लोक टाळ्या वाजवतात, आणि तुम्हाला सांगितलं जातं की आता झालं, इतक्या पेश्या, म्हणजे दरबारात हजेऱ्या, करा, अमुक बांधा, बाकी बाबा पाहून घेतील. म्हणजे प्रश्न तुमच्याकडून काढून घेतला जातो. माणसाला त्या क्षणी हलकं वाटतं हे खरं आहे, मी ते नाकारत नाही, पण घरी पोचल्यावर धुरा तिथंच असतो आणि भाऊही तिथंच असतो.

तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी हेच विचारलं होतं ना, नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करायचा. आणि त्याच तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे, ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले तेही ऐकलं आहे, आणि ती ऐकून आपण काही बुवाबाजीच्या नादी लागलो नाही. रेड्याच्या गोष्टीत खरा चिमटा पैठणच्या शास्त्रीमंडळींना होता, तो लहान पोरालाही कळतो. आपल्या कायद्यालाही हा फरक नीट कळलेला आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं, कीर्तन, प्रवचन, हरिकथा, यात्रा, दर्ग्यात किंवा देवळात केलेली उपासना, याला त्यात हात लावलेला नाही. गुन्हा कशाला म्हटलंय, तर भूत उतरवतो म्हणून साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे उकळणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, असल्या गोष्टींना. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे गोष्ट मोकळी आहे आणि धंद्याला बंदी आहे. ही रेघ माझ्या मते एकदम बरोबर ओढली आहे आणि दोन्ही पार्ट्यांनी ती आधी नीट वाचावी.

पण आता माझी खरी तक्रार. ती त्या गोष्टीतल्या घराण्याबद्दलही आहे. अशा कथांत पुष्कळदा एक नियम असतो की एकदा चमत्कार दिला की घराण्याने बाजूला व्हायचं, पुढची वाट ज्याची त्याने चालायची, मध्ये पडायचं नाही. कथेत हे छान वाटतं, एक कोडं तयार होतं. पण माणूस म्हणून मला ते मान्य नाही. सलाईन लावून नर्सने घरी निघून जावं तसं आहे ते. त्या भिवापूरच्या माणसाच्या जेवणात धुरा उगवला आणि आजी म्हणते माझं काम संपलं? मग तो भावाकडे जाईल का विहिरीकडे जाईल हे कोण पाहणार? आपल्या विदर्भात हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही, इथल्या प्रत्येक गावात असं एक तरी घर आहे जिथं माणूस एकटाच सगळं गिळत बसला आणि एक दिवस गेला. आजीने रोज संध्याकाळी निरोप पाठवायला पाहिजे, काय रे, आज धुरा किती उंच होता? एवढंच विचारणारं कोणीतरी असणं, याच्यावर माणूस जगतो का मरतो हे ठरतं.

आणि हे थांबणं आपल्या इथल्या परंपरेत आहे, बाहेरून आणायची गरज नाही. ताजुद्दीन बाबांचंच घ्या. कामठीत १८६१ साली जन्म, १८९२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना वेडा ठरवून नागपूरच्या पागलखान्यात टाकलं, सोळा वर्षं ते आत होते. हा पागलखाना म्हणजे आजचं आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय, १८६४ चं. आणि त्या सोळा वर्षांत लोक पागलखान्याच्या दारात बाबांना भेटायला गर्दी करून राहिले. हे चित्र मला फार अस्वस्थ करतं, ज्या दारातून लोक आपल्या माणसाला आत ढकलून मागे न पाहता निघून जातात त्याच दारात लोक दुखणं घेऊन रांग लावून उभे. पुढे १९०८ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याला आपल्या महालात नेलं. मग काही काळ बाबा सावनेरकडच्या वाकीला राहिले, आणि तिथं त्यांनी एका जागेला शिफाखाना म्हणजे दवाखाना नाव दिलं होतं, एका जागेला मदरसा, आजारी माणूस आला की त्याला म्हणायचे जा, शिफाखान्यात जाऊन राहा, असं सांगतात. तिथं झाडाखाली माणसं दिवसेंदिवस राहायची, सोबत स्वयंपाक करायची, एकमेकांची विचारपूस करायची. बाबांच्या हातात शक्ती होती का नव्हती यावर मी इथं वाद घालणार नाही, माझा मुद्दा वेगळा आहे, त्या जागेवर आलेल्या माणसाला हाकलून दिलं जात नव्हतं, राहा म्हटलं जात होतं.

दीक्षाभूमीचं तर काय सांगू. नागपूरची सगळ्यात मोठी यात्रा तीच आहे, लाखो माणसं अशोक विजयादशमीला येतात, फुटपाथवर झोपतात, आणि तिथं चमत्कार नावाची गोष्ट कोणी देतच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लोकांना काय दिलं, तर बावीस प्रतिज्ञा. म्हणजे घरी जाऊन रोज पाळायचं काम दिलं. माणसं परत जाताना पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशव्या भरून पुस्तकं नेतात. आणि त्याच धम्मातली किसा गोतमीची गोष्ट इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे, मेलेलं लेकरू घेऊन ती बुद्धाकडे येते, जिवंत करा म्हणते, बुद्ध म्हणतात ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी घेऊन ये. ती दारोदार जाते, प्रत्येक दारात तिला दुसऱ्याचं मरण ऐकायला मिळतं. दुःखी माणसाला दिलेला इतका विचित्र उपाय मी दुसरीकडे पाहिला नाही. पण लोक ही गोष्ट सांगताना शेवट घाईत उरकतात. ती परत येते तेव्हा बुद्ध तिथं असतात, आणि तिला संघात जागा मिळते. परत आल्यावर जर तिथं कोणीच नसतं तर ती मोहरीची गोष्ट नुसती क्रूर झाली असती.

उलट सोबत थांबण्याच्या नावाखाली काय होऊ शकतं तेही आपण पाहिलंय. तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी घरं होती, ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे एका ठिकाणी आग लागली आणि २८ माणसं जळून मेली, कारण त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं, पळता आलं नाही. तिथं माणसांना ठेवलं होतं, त्यांच्यासोबत कोणी थांबलं नव्हतं. म्हणून मी कायद्याच्या बाजूने ठाम आहे, साखळी दिसली की गुन्हा दाखल झालाच पाहिजे, तिथं श्रद्धेचं कारण ऐकून घ्यायचं नाही.

मग चांगला रस्ता कोणता, तर तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात काढून दाखवला आहे. तिथले मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, वंशपरंपरेने ते काम करतात, म्हणजे आपण ज्या घराण्याच्या गोष्टी वाचून राहिलो ते घराणं तिथं खरंच आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांच्याकडे अंगातलं, बाहेरचं, करणी, असं सगळं घेऊन येतात. २००८ पासून तिथं दवा आणि दुआ नावाने काम सुरू झालं, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचा दवाखाना, आणि मुजावरांना शिकवलं की कोणती लक्षणं दिसली की माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं. मुजावर दुआ करतो आणि म्हणतो आता जा, तिथं डॉक्टर बसले आहेत त्यांची गोळी घे, गोळी घेशील तर दुआ लागेल. डॉक्टरच्या सांगण्यावर जी बाई गोळी घेत नाही ती मुजावराच्या सांगण्यावर घेते. घराण्याचा शब्द चालतो ना, मग तो शब्द औषधाच्या कामाला लावा.

आमचे काही कट्टर मित्र म्हणतील की सरकारी डॉक्टर दर्ग्यात किंवा देवळात बसवणं म्हणजे अंधश्रद्धेला सरकारी शिक्का. मला हा आक्षेप समजतो पण पटत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं होतं, त्यात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाही असं दिसलं. हे लोक आहेत कुठे मग? ते काही घरात बसून नाहीत, ते कुठल्या ना कुठल्या दारात उभे आहेत. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीबाहेर जाऊन पाहा, छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोली, राजनांदगाव, कुठून कुठून माणसं आलेली असतात, मायच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते आणि त्या एकाच पिशवीत एक्स-रे, रेशन कार्डाची झेरॉक्स, अर्धा बिस्किटचा पुडा आणि कागदात बांधलेला अंगारा असतो. तिने श्रद्धा आणि दवाखाना असे दोन कप्पे केलेलेच नाहीत, ते आपण केले. तिला फक्त लेकरू बरं व्हावंसं वाटतं आणि त्यासाठी ती सगळीकडे जाणार आहे, तुम्ही थोतांड म्हणा नाहीतर काही म्हणा. तर मग ती जिथं जाते तिथं नीट माणूस बसवायला काय हरकत आहे?

आणि चळवळीतले सगळेच नुसते पर्दाफाश करून निघून जातात असंही नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. देवीच्या म्हणून वाढवलेल्या जटा काढायच्या आधी त्या बाईशी, तिच्या सासूशी, नवऱ्याशी तासन्‌तास बोलणारे आणि जटा काढल्यावर, घरात काही वाईट झालं तर तिच्यावर खापर फुटू नये म्हणून नंतरही जाऊन विचारपूस करणारे कार्यकर्ते आहेत. त्यांचं हे काम पेपरात येत नाही, आव्हान येतं. मला तरी चळवळीचं खरं काम तेच वाटतं. गाडगेबाबा कीर्तनात देवऋषांची, नवसाच्या बकऱ्याची खरडपट्टी काढायचे आणि त्याच हाताने धर्मशाळा बांधायचे. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना जागा देते. दगडात देव नाही म्हणून सांगितलं आणि वर झोपायला जागाही दिली. नुसतं पहिलं केलं असतं तर लोकांनी त्यांना इतकं जवळ केलं नसतं असं मला वाटतं.

तर नागपुरात काय व्हायला पाहिजे ते सरळ सांगतो. ताजबागला, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर, आणि जिथं जिथं अंगात येणाऱ्या, झपाटलेल्या म्हणून माणसांना आणलं जातं अशा जिल्ह्यातल्या प्रत्येक ठिकाणी, देऊळ असो, दर्गा असो, कोणाचा मठ असो, आठवड्याचे ठरलेले दिवस मानसोपचाराची ओपीडी पाहिजे, वर्षातून एकदा शिबिराचा मंडप टाकून फोटो काढण्यापुरती नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय इथंच आहे, मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं इथंच आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर कधीचा आहे, म्हणजे डॉक्टर आकाशातून आणायचे नाहीत. तिथल्या सेवेकऱ्यांना, मुजावरांना, पुजाऱ्यांना दोन-चार दिवसांचं ट्रेनिंग द्या आणि मान देऊन द्या, गुन्हेगार समजून नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दानपेटीच्या शेजारी मोठ्या अक्षरात मराठी, हिंदी, उर्दूत लिहा. जादूटोणाविरोधी कायद्याखाली दक्षता अधिकारी म्हणून ज्या पोलिसांची नेमणूक आहे त्यांनी साखळी किंवा धुरी दिसली की कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता कारवाई करावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा आलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी फोन करणारं कोणीतरी पगारावर ठेवा. आशाताई हे काम उत्तम करतील, पण फुकटात करायला लावू नका, आधीच त्यांच्या डोक्यावर काय कमी कामं आहेत.

शाळांना माझं एवढंच म्हणणं आहे की त्या चमत्कारी घराण्याच्या गोष्टी पोरांना वाचू द्या, लपवू नका, आणि वाचून झालं की वर्गात विचारा, आजीने चमत्कार दिल्यावर त्या माणसाच्या घरी कोणी गेलं का? जायला पाहिजे होतं का? पंधरा वर्षांची पोरं यावर आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांच्यात एखादा असा असतोच ज्याचा स्वतःचा धुरा उगवलेला असतो आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

पहिली ओपीडी ताजबागला सुरू करा, आणि ती पुढच्या उर्साच्या आधी करा, कारण त्या दिवसांत मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून माणसं येतात आणि त्यातली कितीतरी आपल्या आजारी माणसाला सोबत घेऊनच येतात.